तारतम्य: एक प्रश्नावली, दोन प्रत्यय आणि आपलं 'मोअर बेटर'

शोधनिबंधाचा पहिला मसुदा इंग्रजीत लिहिताना आपल्याकडचे बरेच विद्यार्थी 'मोअर बेटर' असं लिहून जातात. गाईड त्याखाली लाल रेघ मारतात आणि विषय तिथंच संपतो. पण ही चूक नेमकी हीच का होते, हे कुणी विचारत नाही. याचं उत्तर शोधायला इतिहासात जावं लागतं आणि सुरुवात आपल्या खानदेशातूनच करता येते.

1906 साली ब्रिटिश सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळे. पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, आहे. मराठीचा खंड सातवा. खानदेशी मात्र भिल्ली भाषांसोबत नवव्यात ठेवली गेली. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद आजही चालतो. त्या वादात या खंडाचं नाव येतंच.

आता या सर्वेक्षणाची पद्धत बघा. प्रत्येक भाषेसाठी बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं भाषांतर घ्यायचं, एखादा स्थानिक उतारा घ्यायचा आणि शब्द व वाक्यांची 241 नोंदींची एक ठरावीक यादी भरून घ्यायची. या यादीत 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'हाय, हायर, हायेस्ट' अशा स्वतंत्र नोंदी आहेत. 'त्याचा भाऊ त्याच्या बहिणीपेक्षा उंच आहे' या अर्थाचं एक वाक्यही आहे.

म्हणजे काय तर, विशेषणाला तीन पायऱ्या असतात हे प्रश्नावलीने आधीच गृहीत धरलं होतं. पण समोरच्या माणसाच्या भाषेत त्या पायऱ्या शब्दाच्या रूपात नव्हत्याच. मराठीत आपण म्हणतो, 'त्याचा भाऊ बहिणीपेक्षा उंच आहे.' अहिराणीत 'त्याना भाऊ बहीनपेक्षा उंच शे.' दोन्हीकडे 'उंच' जागचा हलत नाही. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' करतं. सर्वांत मोठं असेल तर 'सर्वांत' जोडायचं, विशेषण पुन्हा तेच. मग नुसत्या 'हायर'समोर एक शब्द कसा लिहिणार? 'त्यापेक्षा उंच' असं काहीतरी लिहावं लागतं, म्हणजे न विचारलेलं 'ते' आपणच आणावं लागतं.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मला ही प्रश्नावली एखाद्या उपकरणासारखी दिसते. उपकरणावर ज्या खुणा कोरल्या आहेत, त्यांतच रीडिंग मिळणार. याच काळात दुसरी पद्धतही चालू होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुनी कागदपत्रं आणि पोथ्या गोळा करत फिरत होते. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाल्यावर त्यांनी त्या पोथीतल्या भाषेचं व्याकरण लिहिलं. इथे प्रश्न विचारायचा नव्हता. लिहिलेलं होतं ते वाचून नियम काढायचा होता. राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथं आहे. सर्वेक्षणाने व्याप्ती दिली, पोथीने खोली दिली. तुमच्या विषयात यातलं काय लागणार आहे, हे आराखडा लिहितानाच ठरवा.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भाषेकडे हे प्रत्यय कधीच नव्हते असं नाही. पाणिनीने दोन जोड्या सांगितल्या आहेत: 'तर-तम' आणि 'ईयस्-इष्ठ'. दोघांत तुलना असेल तर जोडीतला पहिला, अनेकांत असेल तर दुसरा. शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकलेला नियम तो हाच! यात योगायोग नाही. संस्कृतचा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' हे एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज आहेत. आपण जेवणाला 'स्वादिष्ट' म्हणतो, ते संस्कृत 'स्वादिष्ठ'. इंग्रजीतला 'स्वीटेस्ट' त्याचा सख्खा चुलतभाऊ. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' यांच्या शेवटी तोच प्रत्यय बसलाय. 'उत्तर' म्हणजे मुळात 'अधिक वरचा' आणि 'उत्तम' म्हणजे 'सर्वांत वरचा'. जळगावच्या विद्यापीठाचं 1990 पासूनचं जुनं नाव 'उत्तर महाराष्ट्र', त्यातही हा 'तर' होता.

पण वापरून वापरून प्रत्यय झिजतात. 'श्रेष्ठ' हे मुळातच तिसऱ्या पायरीवरचं रूप आहे हे विसरून आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'श्रेष्ठतम'ही म्हणतो. हे आपलं 'मोअर बेटर'च झालं की! आणि इंग्रजांचंही तसंच होतं. जुन्या इंग्रजीत तुलना प्रत्ययानेच होई. 'मोअर' आणि 'मोस्ट' जोडायची पद्धत मध्ययुगात वाढली. मग दोन्ही एकत्र येऊ लागले. शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी रूपं बिनदिक्कत चालत. 1762 मध्ये रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणाने ती अयोग्य ठरवली आणि हाच दंडक शाळांमधून पसरत गेला.

मराठीत 'हा नमुना त्यापेक्षा शुद्ध' आणि 'त्यापेक्षा अधिक शुद्ध' दोन्ही बरोबर. 'अधिक' ऐच्छिक असतं, जोर देतं. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीत गेलो की 'बेटर'च्या आधी 'मोअर' येतं. माझ्या मते चुकीचं मूळ हे आहे. यात बुद्धीचा काही संबंध नाही. रूप मात्र सुधारायलाच हवं, कारण परीक्षक आजच्या नियमानेच वाचणार.

एक सावधगिरी. हिंदीतला 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' सारखे दिसतात, म्हणून ते नात्यातले असं समजू नका. 'बेहतर' फारसी, त्यातला 'तर' संस्कृत 'तर'चा भाऊ खरा, पण 'बेटर'चा धातू वेगळा आहे. त्या दोघांचं सारखेपण निव्वळ योगायोग. 'इष्ठ-एस्ट' मानायचं आणि हे मानायचं नाही, कारण तिथे अनेक शब्दांत आणि अनेक भाषांत नियमित जुळणी सापडते, इथे फक्त एक जोडी. डेटामध्ये दोन आलेख सारखे दिसले तरी हाच प्रश्न विचारा.

आणि शेवटी कामाची गोष्ट. इंग्रजीत 'बेटर यील्ड' असं नुसतं लिहून पुढे जाता येतं. कशापेक्षा, हे वाक्य विचारत नाही. मराठीतलं 'पेक्षा' मात्र ते विचारल्याशिवाय सोडत नाही. म्हणून मसुदा झाला की प्रत्येक 'हायर', 'बेटर', 'फास्टर' शोधा आणि ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. 'कशापेक्षा?' याचं उत्तर तुमच्या तक्त्यात असेल तर वाक्य ठेवा, नसेल तर काढून टाका. 'हायेस्ट' असेल तर 'कोणकोणत्या नमुन्यांत?' हेही लिहा. 'तर' आणि 'तम' मिळूनच 'तारतम्य' हा शब्द झाला आहे, आणि व्हायव्हात त्याचीच परीक्षा होते.