नकाराची कुळकथा

इंग्रजीतील ‘रिफ्यूज’ आणि त्याच अर्थाचे पोर्तुगीज ‘रेकुझार’ ही क्रियापदे सख्खी भावंडे वाटावीत. परंतु वंशावळीचे दप्तर उलगडले असता असे दिसते की, पहिले प्राचीन फ्रेंचमार्गे, बहुधा ‘परत ओतणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले, तर दुसरे ‘कारण’ अथवा ‘दावा’ दर्शविणाऱ्या ‘काउसा’ या लॅटिन शब्दापासून, म्हणजे हरकत घेण्याच्या व्यवहारातून, निपजले. या दुसऱ्या घराण्याची एक शाखा इंग्लंडातही रुजली: राजमान्य चर्चच्या उपासनेस जाण्याचे नाकारणाऱ्या कॅथलिकांना ‘रेक्युझंट’ म्हणत, आणि पहिल्या एलिझाबेथच्या अमदानीत, १५९३ साली, त्यांच्या संचारावर निर्बंध घालणारा कायदाच मंजूर झाला. आजही न्यायाधीश एखाद्या खटल्यातून स्वतःहून दूर झाला की ‘रिक्यूज’ हेच क्रियापद योजतात. नकाराच्या इतर इंग्रजी-पोर्तुगीज जोड्यांपैकी ‘रिजेक्ट’ व ‘रेझैतार’ यांच्या मुळाशी मागे फेकण्याची क्रिया आहे, ‘डिक्लाइन’ व ‘देक्लिनार’ यांच्या मुळाशी कलून बाजूस होण्याची; ‘डिनाय’ व ‘नेगार’ यांत मात्र निखळ ‘नाही’ आहे. म्हणून इंग्रजीत नकार कळविणाऱ्याने तारतम्य राखावे. अर्जास ‘रिजेक्ट’ चालेल, आमंत्रणास ‘डिक्लाइन’च शोभते.