अमेरिकेतील बार्न लाल का?

अमेरिकेच्या ग्रामीण भागाचे चित्र पाहिले, की त्यात बहुधा एक मोठी लाल लाकडी इमारत असते. तिला 'बार्न' म्हणतात. आपल्याकडे गोठा आणि धान्याचे कोठार वेगळे; बार्नमध्ये खाली जनावरे, वर माळ्यावर वाळलेले गवत, बाजूला धान्य आणि अवजारे, असे सारे एकाच छपराखाली असते.

ही लाली फार जुनी आहे असे समजू नका. 18व्या शतकातील बरीचशी बार्न रंगवलेलीच नव्हती. लाकूड ऊनपाऊस खाऊन राखाडी होत असे. लाल रंग सर्वत्र पसरला तो 19व्या शतकात.

कोणत्याही रंगात दोन मुख्य गोष्टी असतात: रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा बंधक. शेतकऱ्याचा बंधक म्हणजे जवसाचे तेल, किंवा साय काढलेले दूध आणि चुना. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. रंगद्रव्य होते लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला गेरू म्हणतो त्यातील लाल घटक. ते मातीतच मिळते, उन्हात विटत नाही आणि अतिनील किरण शोषून लाकडाला वाचवते. पांढऱ्या रंगासाठी मात्र शिशाचा सफेदा लागे. तो करायला शिशाचे तुकडे व्हिनेगरच्या वाफेत कित्येक आठवडे ठेवावे लागत. साहजिकच तो महाग पडे. म्हणून घर पांढरे, बार्न लाल.

रंगात जनावरांचे रक्त मिसळत, ही गोष्ट तुम्ही ऐकाल. मला ती पटत नाही. रक्त वाळले की तपकिरी पडते, हे कोणत्याही डागावरून कळते.

दुसरे एक उत्तर अधिक आकर्षक आहे: ताऱ्यांतील ऊर्जा देणारे अणुसंमीलन लोहापाशी थांबते, म्हणून विश्वात लोह भरपूर, म्हणून बार्न लाल. यातला पहिला भाग बरोबर आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोह आहे. पण ॲल्युमिनिअम त्याहून जास्त, सुमारे 8 टक्के आहे, आणि त्याचे ऑक्साइड रंगहीन! शिवाय केंटकीत तंबाखूची बार्न काळी असतात. तिथले तारे काही वेगळे नव्हते. मुबलकतेमुळे लाल रंग स्वस्त झाला. तो लावायचा की नाही, हे शेतकऱ्याने ठरवले.

स्वीडनचे उदाहरण पाहा. फालून येथील तांब्याच्या खाणीतून टाकाऊ म्हणून निघणाऱ्या लोहयुक्त मातीपासून तिथे लाल रंग करतात. 17व्या शतकात तो प्रथम सरदारांनी आपल्या लाकडी वाड्यांना लावला, कारण विटांचे घर प्रतिष्ठेचे होते आणि लाल लाकूड लांबून विटांसारखे दिसे. साध्या शेतकऱ्यांच्या घरांवर तो सर्रास दिसू लागला तो 19व्या शतकात. खाण 1992 मध्ये बंद झाली, पण तिथल्या साठलेल्या मातीपासून हा रंग अजूनही बनतो.