गाभडणे, प्रतिपिंड आणि लस : सांसर्गिक गर्भपाताच्या प्रतिकारविचाराचा इतिहास
(भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात)

मराठी पशुपालकाच्या बोलीत गुरांच्या साथींना नेमकी नावे आहेत. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळखुरकूत ही नावे उच्चारताच रोगाची लक्षणे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या रोगामुळे गाय वा म्हैस गाभणपणाच्या उत्तरार्धात अपुऱ्या दिवसांचे वासरू टाकते, त्या रोगास जुन्या बोलीत स्वतंत्र नाम आढळत नाही; आढळते ते 'गाभडणे' हे क्रियापद. 'सांसर्गिक गर्भपात' ही संज्ञा पशुवैद्यकाने नंतर घडविली. या भेदाचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे. बुळकांडी काही दिवसांत गोठा रिकामा करी. गाभडलेली गाय मात्र जगते, पुढच्या खेपेस बहुधा पूर्ण दिवसांनी विते, आणि दुधावाटे व वारेवाटे जंतू बाहेर टाकीत राहते. म्हणून घटना ध्यानात राहिली. संसर्ग ध्यानात आला नाही.

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीचे तालुके होत. भोर हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. खोऱ्यांत भातशेती आणि डोंगरमाथ्यांवर गुरे राखणाऱ्या गवळी धनगरांच्या वस्त्या, अशी या प्रदेशाची जुनी घडण आहे. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गवळी धनगरांच्या या जीवनपद्धतीचे वर्णन आहे. लोणी कढवून केलेल्या तुपात हा जंतू तग धरीत नाही. कच्च्या दुधात तो जिवंत राहतो. विणाऱ्या जनावराची वार हातांनी काढणे हा तर संसर्गाचा सर्वांत सोपा मार्ग होय. यास्तव शास्त्रीय इतिहासाचा हा प्रश्न अशा प्रदेशाच्या दैनंदिन व्यवहारास थेट भिडतो.

शास्त्रीय शोधाचा आरंभ माल्टा बेटावर झाला. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये तेथील तापाच्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाईंच्या गर्भपाताचा जंतू दाखविला. थेमिस्टोक्लीस झामित यांना १९०५ मध्ये शेळ्यांत संसर्ग आढळला, आणि पुढील वर्षी शेळीचे दूध वर्ज्य करताच माल्टातील सैनिकांचा ताप झपाट्याने ओसरला. तरीही माणसाचा ताप व गाईचा गर्भपात हे दोन विषय मानले जात होते. त्या दोन जंतूंचे निकट नाते अॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये सिद्ध केले. ब्रूस यांच्या नावावरून 'ब्रुसेला' हे कुलनाम १९२० मध्ये रूढ झाले.

प्रतिकारविचाराचा प्रारंभ रक्तरसापासून झाला. राइट व सेंपल यांनी १८९७ मध्ये असे दाखविले की, रुग्णाच्या रक्तरसात हे जंतू गोळा होऊन खाली बसतात. या समूहन-परीक्षेने निदान सुलभ झाले. परंतु प्रतिपिंड हे जंतूशी गाठ पडल्याचे चिन्ह आहे. संरक्षण मिळाल्याची ती खूण असेलच असे नाही. रक्तात प्रतिपिंडे विपुल असूनही जनावर गाभडते व जंतू टाकीत राहते. चिन्ह व संरक्षण यांतील हे अंतर समजण्यास दीर्घ काळ लागला.

त्याचे कारण जंतूच्या निवासस्थानी आहे. जे भक्षकपेशी नावाचे कण जंतूंना गिळून नष्ट करतात, त्यांच्याच आत ब्रुसेला वस्ती करतो व वाढतो. पेशीच्या आतल्या जंतूपर्यंत प्रतिपिंड पोहोचत नाही. १९६० नंतरच्या दशकात जॉर्ज मॅकॅनेस यांनी अशा पेशीनिवासी जंतूंविरुद्धचा प्रतिकार मुख्यतः पेशींच्या द्वारे घडतो, हे प्रयोगांनी स्पष्ट केले. टी-पेशी गॅमा-इंटरफेरॉन स्रवतात आणि त्यायोगे भक्षकपेशी जंतूंचा नाश करण्यास समर्थ होतात, हा तपशील पुढे उलगडला. गर्भाशयाकडेच जंतूचा ओढा का, याचेही उत्तर १९६२ मध्ये हॅरी स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले : गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल हा शर्करासदृश पदार्थ विपुल असून तो जंतूच्या वाढीस पोषक ठरतो.

मृत जंतूंची लस अपुरी का पडली, हे या ज्ञानाच्या प्रकाशात कळते. तथापि उपयुक्त जिवंत लस सिद्धान्ताच्या आधी, योगायोगाने हाती आली होती. अमेरिकेत जॉन बक यांनी १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून वेगळा केलेला जंतू प्रयोगशाळेत वर्षाहून अधिक काळ पडून राहिला व सौम्य झाला. हाच 'स्ट्रेन १९' होय. शेळ्यामेंढ्यांसाठी एल्बर्ग व फॉन्स यांनी १९५७ मध्ये 'रेव्ह-१' लस पुढे आणली. गाईंसाठी 'आरबी-५१' १९९० नंतरच्या दशकात आली. या लसी गर्भपात बऱ्याच अंशी टाळतात. संसर्ग पूर्णतः रोखीत नाहीत. शिवाय स्ट्रेन १९ मुळे उत्पन्न होणारी प्रतिपिंडे रोगाच्या प्रतिपिंडांसारखीच दिसतात, गाभण जनावर तिने गाभडू शकते, आणि टोचणाऱ्याच्या हातात सुई शिरल्यास त्यालाही रोग जडू शकतो. म्हणून ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांनाच एकदा देतात.

अनेक पाश्चात्त्य देशांनी लसीच्या जोडीस बाधित जनावरांची कत्तल करून रोग हटविला. महाराष्ट्रात १९७६ च्या अधिनियमाने गाईंची, व २०१५ पासून बैलांचीही, कत्तल निषिद्ध आहे. परीक्षेत बाधित ठरलेली गाय एक तर गोठ्यात राहते किंवा बाजारातून दुसऱ्या गोठ्यात जाते. त्यामुळे लसीवरील भार येथे अधिक आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींच्या मादी वासरांचे लसीकरण अंतर्भूत आहे. शेळ्यामेंढ्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि डोंगरी तालुक्यांत त्यांचे महत्त्व थोडे नाही. माणसासाठी सर्वमान्य लस अद्याप नाही. दूध उकळणे व वार हाताळताना हात झाकणे हेच संरक्षण होय.

या इतिहासात पुण्याचेही स्थान आहे. बुळकांडीच्या प्रश्नातून निर्माण झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात स्थापन झाली व १८९३ मध्ये मुक्तेश्वरास गेली. तिचीच उत्तराधिकारी असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने स्ट्रेन १९ मधील एक जनुक काढून अधिक सौम्य लस सिद्ध केली आहे. ज्या बुळकांडीस नाव होते ती २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे घोषित झाले. ज्या रोगास बोलीने नाव दिले नाही तो मागे राहिला. लसीकरणाच्या प्रचारात 'गाभडणे' हा परिचित शब्द घेऊन त्यास संसर्गाचा अर्थ जोडून देणे, हे कार्य पशुवैद्यकाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे.