सहा ते सात, हॉल माझा

पाहुणे म्हणून जायची सोय नाही. 2020च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कुणी कुणाकडे जात नाही. वॉचमनने गेटला साखळी घातली आहे आणि दूधवाला पिशव्या गेटवरच ठेवून सटकतो. तेव्हा घरातल्याच एखाद्याच्या अंगात शिरा. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, वन बीएचके. फोर्टातल्या ऑफिसात नोकरी करणारा, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ आहे. आज तुम्ही तो.

12 एप्रिल, रविवार. डोळे उघडताच पहिली जाणीव कमरेची होते. धरली आहे. आयुष्यात कधी व्यायाम न केलेल्या माणसाची कंबर व्यायाम बंद पडल्यामुळे धरते, हे कोडं तुम्हाला आठवडाभर छळतं आहे. लोकल बंद झाली 22 मार्चच्या रात्री. त्याआधी रोज स्टेशनपर्यंत पायपीट, पूल धावत चढायचा, दांडीला लोंबकळत ठाणं गाठायचं, सीएसएमटीला उतरलं की मस्टर गाठायला झपझप चाल. संध्याकाळी तेच उलटं. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, वैताग म्हणत होतं. तो वैतागच पोटऱ्या शाबूत ठेवत होता.

आता फ्रिजवर चुंबकाने एक कागद अडकवला आहे. लेकीचं अक्षर. ती दहावीला आहे. सगळे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा लटकला, म्हणून रिकामपणात तिने घराचं वेळापत्रक केलंय. सहा ते सात, हॉल बाबांचा. सात ते आठ तिचा. नऊ वाजता रामायण, म्हणजे हॉल आजीचा. त्या तासात टीव्हीसमोरून कुणी हातपाय हलवत जायचं नाही. दुपारी बाबांचं ऑफिसचं काम, रात्री नऊला पुन्हा रामायण. आईच्या नावापुढे काही नाही. हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं, पण तुम्ही आत्ताच आलात, आणि ज्याच्या अंगात आलात त्याच्याही लक्षात आलेलं नाही.

टीपॉय सरकवा. आजी दिवाणावर झोपलेली आहे, तिच्या चपला पायाने बाजूला करा. सतरंजी अंथरा. सूर्यनमस्कार घालायचे तर पाय मागे नेल्यावर टाच टीव्हीच्या टेबलाला लागते, म्हणून तिरकं व्हावं लागतं. तिरकं झालं की डोकं बाल्कनीच्या दारात, जिथे काल धुतलेली भाजी वाळत आहे. खाण्याच्या सोड्यात बुडवून काढलेली दोडकी नाकापासून वीतभर अंतरावर. बारा घालायचं ठरलं होतं. पाचव्याला छातीचा भाता होतो.

लेकीची वेळ सुरू होते. युट्यूबवर कुणी एक बाई इंग्रजीत ओरडते आहे, लेकीच्या दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. ती उड्या मारायला लागते आणि दुसऱ्या मिनिटाला फोन वाजतो. खालचे काका.

‘‘अहो, पंखा हलतोय आमचा!’’

म्हणून उड्या बंद, जागच्या जागी बैठका. गच्चीवर जावं तर किल्ली सेक्रेटरीकडे, आणि त्यांनी ग्रुपवर नोटीस टाकली आहे. रस्त्यावर उतरणं तर दूरच. पुण्यात बिबवेवाडीला मॉर्निंग वॉकला निघालेल्या हौशी मंडळींना पोलीस भर रस्त्यात योगासनं करायला लावतात, तो व्हिडिओ लवकरच तुमच्याही मोबाइलवर येईल. लोक हसतील. तुम्हाला मात्र त्या रस्त्याची रुंदी दिसेल.

कामवाल्या मावशींना गेटच्या आत प्रवेश नाही, त्यामुळे लादी आता तुमच्या वाट्याला आली आहे. उभ्याने पुसायचा मॉप आहे, पण कोपरे निघत नाहीत, असं बायकोचं म्हणणं. मग उकिडवे बसा. बादलीत झाकणभर फिनेल ओता, फडकं पिळा, उजव्या हाताने कमान काढत मागे सरका. गुडघा कटकन वाजतो. पहिल्या खोलीत मांड्या भरून येतात, दुसरीत घाम नाकाच्या शेंड्यावरून लादीवर पडतो आणि तोही पुसावा लागतो. उठताना तुम्ही मोठ्या तोऱ्यात सांगता, ‘‘जिमची काही गरज नाही बघ, हाच व्यायाम.’’

‘‘वीस वर्षांत मला नाही कुणी म्हणालं ते,’’ ती कणीक मळता मळता म्हणते.

दुपारी बातमी येते: भूगोलाचा पेपर रद्द. लेक नाचते, खालचा पंखा पुन्हा हलतो. तुमच्या जिभेवर आणखी बऱ्याच बातम्या आहेत, कारण तुम्ही पुढून आला आहात. राज्यातल्या जिम उघडायला दसरा उजाडेल. लोकलमध्ये सर्वसामान्यांना पाऊल ठेवायला 1 फेब्रुवारी 2021, तेही ठरावीक वेळांतच. सांगू नका. काल मुख्यमंत्र्यांनी टाळेबंदी 30 एप्रिलपर्यंत राहील असं सांगितलं तेवढ्यानेच आजीने देवासमोर हात जोडलेत.

एक मात्र सोबत न्यावंच लागेल. रात्री जेवणानंतर तुम्ही हॉल ते स्वयंपाकघर शतपावली घालता, मोबाइल पावलं मोजतो. टीव्हीवर नाशिकच्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं दिसतात. ‘‘किती चालणार रे ही?’’ आजी विचारते. तुम्हाला 8 मे ठाऊक आहे: औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याहून चालत निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले 16 मजूर, आणि पहाटेची मालगाडी. मोबाइल दाखवतो की आजचं उद्दिष्ट अपुरं आहे. तो खिशात टाका.

आता उडी मारा. 3 जून. आजपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला, पळायला, सायकलला परवानगी. चौघांचे बूट दाराशी मांडलेले आहेत, आजीचेसुद्धा. आणि नेमकं आजच निसर्ग चक्रीवादळ यावं! दुपारी ते रायगडच्या किनाऱ्याला धडकतं. इथे खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबणं, हाच दिवसभराचा व्यायाम.

वादळ ओसरल्यावर तुम्ही दोनदा जाता, मग पावसाचं निमित्त मिळतं. लेक झोपते. बायको मात्र रोज जाते. छत्री घेऊन, साडीवर कॅनव्हासचे बूट, एकटी. परत येते तेव्हा कुणाशी पटकन बोलत नाही, पण चेहरा वेगळा असतो. 2 जुलैला कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागते.

त्या सकाळी तुम्ही सवयीने सहाला सतरंजी घेऊन हॉलमध्ये येता, तर टीपॉय आधीच सरकवलेला. ती ओचा खोचून उभी आहे.

‘‘चहा टाका,’’ ती म्हणते, ‘‘आणि आईंचाही ठेवा. सातला मी रिकामी होते.’’