अरुणाताईंच्या वतीने कोण बोलणार?

आज बोलूया ७ मार्च २०११च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दल. मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिथल्या नर्सेसनी केलं. एवढ्या वर्षांत बेडसोर होऊ दिला नाही! हे किती कठीण, ते घरात आजारी माणूस असलेल्यालाच कळेल.

पत्रकार पिंकी विराणींनी दयामरण मागितलं, नर्सेसनी विरोध केला. कोर्ट म्हणालं, अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा. त्यांचं मत पुढे बदललं, तर हायकोर्टाची परवानगी लागेल. म्हणजे सेवेतून कायदेशीर अधिकार आला. मला हे पटतं. पण खुद्द अरुणाताईंना विचारायची सोयच नव्हती, ते खटकतं. १८ मे २०१५ला त्या केईएममध्येच गेल्या.