वसंत रांजणे : सात कसोटींची कारकीर्द

१/ १९५६-५७च्या रणजी हंगामात खडकवासल्याच्या मैदानावर महाराष्ट्राची सौराष्ट्राशी गाठ पडली. प्रथम श्रेणीतील आपला पहिलाच सामना खेळणाऱ्या पुण्याच्या १९ वर्षांच्या तरुणाने एका डावात अवघ्या ३५ धावांत ९ बळी घेतले. त्यांत हॅट्ट्रिकही होती. दुसऱ्या डावात आणखी ४ बळी. त्या तरुणाचे नाव वसंत रांजणे.

२/ रांजणे उजव्या हाताने मध्यम-जलद गोलंदाजी करीत. महंमद निसार व अमरसिंग यांच्यानंतर भारताला नव्या चेंडूचा भेदक गोलंदाज क्वचितच लाभला होता. संघाची सारी भिस्त फिरकीवर होती. नवा चेंडू चार-सहा षटके टाकून घ्यावा आणि फिरकीपटूच्या हाती सोपवावा, हीच रीत झाली होती.

३/ डिसेंबर १९५८. कानपूर येथे वेस्ट इंडिजविरुद्ध रांजणे कसोटीत उतरले. पहिल्या डावात पाहुण्यांचे ९ गडी एकट्या सुभाष गुप्ते यांनी बाद केले. उरलेल्या लान्स गिब्जचा त्रिफळा रांजणे यांनी उडवला! गुप्ते यांच्या दहाच्या दहा बळींआड आलेला हा एकमेव बळी होता.

४/ त्याच सामन्यात वेस्ट इंडिजच्या वेस हॉलने निव्वळ वेगाच्या बळावर ११ बळी मिळवले आणि भारत २०३ धावांनी हरला. खेळपट्टी दोघांना एकच होती. भारताला काय उणे पडत होते, हे त्या सामन्याने उघड केले.

५/ तरीही रांजणे यांना संघात स्थैर्य लाभले नाही. १९६२चा वेस्ट इंडिज दौरा त्यांनी केला. डावात ७२ धावांत ४ बळी ही त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी. जानेवारी १९६४मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले. वय अवघे २६. एकूण ७ कसोटी, १९ बळी.

६/ १९७८मध्ये कपिल देव आले आणि भारतीय वेगवान गोलंदाजीचे चित्र पालटले. मधल्या काळात नवा चेंडू वाहणाऱ्यांची नावे मात्र मागे पडली. रांजणे यांचे २०११मध्ये निधन झाले.

७/ घराण्यातील खेळ थांबला नाही. पुत्र सुभाष महाराष्ट्राकडून खेळले. नातू शुभम मुंबईकडून खेळून पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात पोहोचला. खडकवासल्याच्या मैदानावर सुरू झालेला हा वारसा तिसऱ्या पिढीत बेसबॉलच्या देशात जाऊन रुजला.