अनुभवाचा मुशाहिरा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या सरोवराकाठच्या लहानशा गावातून, १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी विक्रीस निघाली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,००० होत्या, आणि गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या त्या खेळाचे नाव होते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, पंच त्यांच्यापुढे भूमी, भुयारे आणि शत्रू मांडतो, आणि जे बोलण्याने ठरत नाही त्याचा निवाडा फासे करतात. सारीपाटावर डाव मोडला की सोंगटी पुन्हा सोंगटीच होते. येथे मात्र पात्र आजच्या बैठकीतून उद्याच्या बैठकीत आपल्या जखमांसह आणि आपल्या कमाईसह जाते, आणि म्हणूनच ते कशाच्या बळावर आणि किती वेगाने वाढावे, हा प्रश्न या खेळाच्या जन्माबरोबरच जन्मास आला. चाकरीत मुशाहिरा ज्या कामाचा मिळतो तेच काम मनुष्य मन लावून करतो. पात्राच्या बढतीचा नियम हा मोहिमेचा, म्हणजे बैठकींच्या या साखळीचा, मुशाहिराच होय, असे या खेळाचा पन्नास वर्षांचा इतिहास पाहता मला निश्चयाने वाटते.

बढतीची कल्पना रणांगणाच्या खेळातून आली. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळात ‘हिरो’ चार माणसांच्या बळाने आणि ‘सुपरहिरो’ आठांच्या बळाने लढत असे. मिनियापोलिस–सेंट पॉल येथील आपल्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेत आर्नेसनने साध्या माणसापासून त्या वीरापर्यंत चढत जाण्यास पायऱ्या बांधल्या. म्हणूनच १९७४ च्या तक्त्यात योद्ध्याच्या चौथ्या पातळीचे नाव ‘हिरो’ आणि आठवीचे ‘सुपरहिरो’ असे आहे.

या पायऱ्या चढण्याचे नाणे म्हणजे अनुभवांक, खेळाडूंच्या तोंडचा ‘एक्सपी’; आणि त्याचा मुख्य उगम होता सोने. भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यास एक अंक. मारलेल्या राक्षसाचेही अंक मिळत. पण १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने ते इतके उतरवले की साध्या ऑर्कच्या वधास केवळ १० अंक उरले. योद्ध्यास दुसऱ्या पातळीसाठी २,००० अंक लागत. म्हणजे निव्वळ तलवारीवर विसंबणाऱ्याने २०० ऑर्क मारावेत, किंवा पहारा झोपला असता २,००० नाण्यांची पेटी एकट्याने उचलून आणावी. शहाणा खेळाडू काय करील हे सांगणे नलगे. तो दाराला कान लावतो, दोरी आणि मशाली मोजून घेतो, लाच देतो, पळतो आणि लढाई टाळतो. पहिल्या मोहिमांचा तो सावध, लोभी आणि चतुर स्वभाव या एका कलमातून घडला.

त्या मोहिमांची घडणही या कलमास अनुरूप होती. एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू असावेत, आणि सुमारे वीस खेळाडूंमागे एक पंच असावा, असे मूळ पुस्तिकेत म्हटले आहे. इतके लोक एका वेळी जमत नाहीत. जो हजर राहील तो भुयारात उतरेल आणि आपल्या वाट्याचे अंक आपल्या खाती जमा करील. बलाढ्य पात्राने वरच्या सोप्या मजल्यावर घुटमळू नये म्हणूनही तरतूद होती : आठव्या पातळीचा जादूगार भुयाराच्या पाचव्या मजल्यावर कमाई करू लागला, तर त्यास पाच अष्टमांशच अंक मिळत. आर्नेसनची वाट याहून न्यारी होती. त्याच्या मोहिमेचे टिपण १९७७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात सोने नुसते मिळवून भागत नाही. मद्य, कीर्ती, धर्म अशा ज्या गोष्टीची पात्रास आवड असेल तिच्यावर ते खर्चावे, तेव्हाच अनुभव पदरी पडतो. या नियमामुळे पात्र भुयाराबाहेर, गावात, माणसांत जगू लागते. मला तो फार मानवी वाटतो.

त्याच १९७७ साली मार्क मिलर याच्या ‘ट्रॅव्हलर’ या तारायानांच्या खेळाने ही शिडीच काढून टाकली. तेथे पात्र खेळापूर्वीच चार चार वर्षांच्या नोकऱ्या करून, प्रसंगी त्यांतच मरून, जे शिकायचे ते शिकून येते. पुढे अनुभवांक नाहीत. आहे ते जहाजाचे कर्ज. जहाजाच्या किमतीचा २४० वा भाग दरमहा, आणि असे ४८० हप्ते, म्हणजे चाळीस वर्षे. व्यापारी तारायानांच्या मोहिमेस याहून समर्पक प्रेरणा मला सुचत नाही : हप्त्याची तारीख जवळ आली की संशयास्पद मालही जहाजात चढतो आणि कथा चालू होते. पुढल्या वर्षीच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने तिसरा मार्ग धरला. तलवार ४५ टक्के येणाऱ्याने ती यशस्वीपणे चालवली की कागदावर तिच्या शेजारी पेन्सिलीने खूण करायची. साहस संपल्यावर शतमानाचा फासा टाकायचा आणि ४५ च्या वर पडला तर ५ टक्के वाढवायचे. जितके अधिक येते तितके शिकणे दुर्मिळ होते, हे त्या फाशाने विद्येचे खरे रूपच दाखवले.

घोटाळा झाला तो मोहिमेची जात पालटून मुशाहिरा जुनाच राहिला तेव्हा. १९८४ पासून निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसमालिकेत ठरलेल्या वीरांनी एक महायुद्ध शेवटास न्यायचे होते. जगाच्या रक्षणास निघालेल्यास नाणी मोजण्याचे वेतन देणे विसंगत होते. त्या खेळाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे अंक ऐच्छिक झाले. २००० सालच्या तिसरीने योद्धा, जादूगार अशा सर्व वर्गांस एकच तक्ता लावून सुमारे तेरा तुल्यबळ सामन्यांमागे एक पातळी असा हिशेब बांधला, आणि लढाई टाळणारे शहाणपण मागे पडले. पंचासाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने अंक सोडून कथेच्या टप्प्यांवर बढती देण्याचीही मुभा दिली. नियत कथेस ती शोभते. स्वैर भटकंतीत मात्र खेळाडू पंचाच्या तोंडाकडे पाहू लागतो.

मोहीम आणि बढती यांचा सर्वांत निर्दोष मेळ मला सँडी पीटरसनच्या १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’त दिसतो. त्यातील शोधक अमानुष देवतांचे गूढ जसजसे जाणत जातात, तसतशी त्यांच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा ९९ वरून तितक्याच अंकांनी उतरते; गूढज्ञान २० झाले की ती ७९ होते, आणि त्यापुढे कोणताही उपचार ती वर नेऊ शकत नाही.